कोंबड्या रानात मोकळ्या चरतात, वरून ज्वारी देतो. तरी उन्हाळ्यात अंडी का घटतात?

नुसत्या ज्वारीवर भागत नाही. तिच्यात प्रथिनं १० टक्क्यांच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६-१७. पावसाळ्यात बांधावर नाकतोडे, उकिरड्यात अळ्या मिळतात म्हणून निभावतं. मार्चनंतर मराठवाड्यात रान उघडं पडलं की संपलं. वर ऊन, त्यात कोंबडी खातेच कमी. सावलीत गार पाणी ठेवा, खुराक सकाळ-संध्याकाळी टाका. भरड्यात तुरीची चुणी (डाळ करताना उरलेला चुरा), सोयाबीन घाला, पण भाजूनच. कच्चं पचत नाही.

कवच बोटानं दबतंय? मग कॅल्शियम कमी. एका कवचात सुमारे २ ग्रॅम जातं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या टोपल्यात ठेवा, हवा तेवढा टिपतात. अंड्यांची टरफलं द्यायची तर बारीक कुटून. आमच्या तांबडीला अख्खी टाकली, तर ती अंडीच फोडून खायला लागली!