स्टुडिओ घेतलास, आता सगळं लेखी ठेव

इंदूरला विजयनगरकडे भाड्याने स्टुडिओ (एका खोलीचा फ्लॅट) घेतलास, ठीक आहे. पण ‘काही बिघडलं तर इमारतीचा मॅनेजर बघून घेईल’ यावर विसंबू नकोस. असे मॅनेजर डिपॉझिट हातात पडेपर्यंतच फोन उचलतात.

सामान लावायच्या आधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढ. भिंतीची ओल, गीझर, सिंकखालचा पाइप, सबमीटरचं (खोलीच्या विजेच्या वेगळ्या मीटरचं) रीडिंग, सगळं. खोली सोडताना ‘हे तुम्हीच बिघडवलं’ म्हणत डिपॉझिट कापतात, तेव्हा हाच पुरावा. विजेच्या युनिटचा दर करारात लिहून घे. तोंडी ठरलेला दर उन्हाळा आला की वाढतो.

तक्रार फोनवर केलीस तरी लगेच तीच मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. मॅनेजरला नव्हे, करार मालकाशी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ आहे: जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती नोटीस देऊनही वाजवी वेळेत झाली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. करारात उलट अट असेल तर मात्र हे चालत नाही, म्हणून सही करण्याआधी वाच. (कोणी वाचत नाही.) पावत्या जपून ठेव, आणि रागाच्या भरात सगळं भाडं अडवू नकोस, त्याने तुझीच बाजू लंगडी पडते.

राहिलं पाणी. इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी भिस्त बोअरिंगवर. टाकी शेवटची कधी धुतली आणि मे महिन्यात टँकरचे पैसे कोण भरतं, हे इमारतीतल्या जुन्या भाडेकरूलाच विचार.