घरचा धंदा मोजायचा कसा?

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गाला संशोधन पद्धती शिकवते. मुलांना संख्याशास्त्र येतं, सॉफ्टवेअरही सफाईनं चालवतात. पण कौटुंबिक व्यवसायाचा विषय घेतला की प्रबंध कोलमडतो. हाताशी एकच सत्र आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : प्रश्नावलीपासून तर नकोच. पहिले तीन आठवडे 'कौटुंबिक' या एका शब्दावर घालवा. सगळ्यांना एकच डेटा द्या आणि तीन व्याख्या लावायला सांगा : एक, कुटुंबाची मालकी 50 टक्क्यांहून जास्त; दोन, मालकी 25 टक्के आणि संचालक मंडळावर घरचं कुणीतरी; तीन, मालकी कितीही असो, पण घरच्यांची दुसरी पिढी कारभारात. रिग्रेशन, म्हणजे कौटुंबिक असण्याचा कामगिरीशी संबंध मोजायचं गणित, तिन्ही वेळा तेच. तरी सहगुणक, म्हणजे तो संबंध दाखवणारा आकडा, हलतो, कधी त्याचं अधिक-उणे चिन्हही उलटतं. मोठ्या अमेरिकी कंपन्यांवरच्या 2006 च्या एका अभ्यासात संस्थापक स्वतः प्रमुख असताना कंपनीचं मूल्य वाढलेलं दिसलं, वारस प्रमुख झाल्यावर घटलेलं. दोघांना एकाच खान्यात टाकलं की काहीच हाती लागत नाही.

मग 30 कंपन्या दोघा विद्यार्थ्यांना एकमेकांशी न बोलता कोड करायला द्या, म्हणजे कौटुंबिक की नाही ते ठरवायला. कापा, म्हणजे दोघांचे निर्णय योगायोगापलीकडे किती जुळले याचं माप, 0.7 च्या खाली आला, तर चूक मुलांची नाही, नियमाची. नियम पुन्हा लिहा. बहुतेक जण आडनावं जुळवून मोकळे होतात. त्यात लग्न झालेल्या मुली आणि जावई निसटतात, आणि नुसते आडनावबंधू नातेवाईक ठरतात.

कार्यकारणभाव शिकवायला डेन्मार्कचा 2007 चा अभ्यास घ्या. गादी घरच्याला दिली म्हणून नफा घटला, की धंद्याची स्थितीच तशी होती म्हणून घरचा माणूस आला? संशोधकांनी मावळत्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा की मुलगी, हे साधन म्हणून वापरलं, म्हणजे वारस कोण होणार यावर परिणाम करणारी, पण नफ्याशी थेट संबंध नसलेली गोष्ट म्हणून. मुलगा असला की गादी घरात राहण्याची शक्यता वाढते, पण ते काही धंद्याच्या तब्येतीवरून ठरत नाही. मालमत्तेवरचा नफा किमान चार टक्के-बिंदूंनी घसरल्याचं त्यांना आढळलं. ही युक्ती कुठे लागू पडणार नाही, यावर अख्खा तास द्या. आणि हो, पॅनेल डेटा (त्याच कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती) दिसला की फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक कंपनीची न बदलणारी वैशिष्ट्यं वजा करायची पद्धत) लावायची मुलांना भारी हौस! मालकी वर्षानुवर्षं बदलत नसेल, तर तिचा परिणाम त्यातच गडप होतो.

प्रश्न : माझ्याकडे 120 मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आहेत. तेवढ्या पुरेत का?

उत्तर : आकडा सोडा, भरल्या कुणी ते बघा. 'घरात एकोपा आहे' आणि 'धंदा उत्तम चाललाय' या दोन्हींवर एकाच माणसानं खूण केली, तर दोहोंतला संबंध फुगणारच. नफा ताळेबंदातून घ्या. निदान 40 कंपन्यांत पुढच्या पिढीतल्या कुणाकडून तीच प्रश्नावली वेगळी भरून घ्या आणि बापलेकांची उत्तरं किती जुळतात ते प्रबंधात छापा. शिवाय तुमच्या यादीत फक्त तगलेले धंदे आहेत. दहा वर्षांपूर्वीची नोंदणी-यादी मिळवा आणि त्यातले बंद पडलेले आधी मोजा.