शिंपल्यांचा चौकोन तिरका होतोय? आधी कडा बघ

अगं, क्रोशाने विणलेला पहिलाच चौकोन तिरका झाला म्हणून लगेच उसवू नकोस, आधी प्रत्येक ओळीत शिंपले किती आहेत ते मोज. 32 साखळ्या घाल, सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब (अमेरिकन नावाने सिंगल क्रोशे), मग 2 साखळ्या सोडून तिसरीत 5 खांब (डबल क्रोशे), हा झाला एक शिंपला, परत 2 सोडून मुका खांब, असं करत गेलीस की बरोबर 5 शिंपले बसतात. दुसऱ्या ओळीत मात्र दोन्ही टोकांना अर्धा शिंपला येतो, म्हणजे 3 साखळ्या आणि त्याच जागी 2 खांब, मधे 4 पूर्ण शिंपले, आणि शेवटच्या मुक्या खांबात 3 खांब. मुका खांब शिंपल्याच्या मधल्या म्हणजे तिसऱ्या खांबावरच घ्यायचा.

खरी गडबड तिसऱ्या ओळीच्या शेवटी होते बघ. तिथे मुका खांब दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या त्या 3 साखळ्यांच्या डोक्यावर घ्यायचा असतो, ती साखळी कडेला वळून लपते आणि आपण ती सोडून देतो, मग दर दोन ओळींनी एक बाजू आत आत जाते. माझे सुरुवातीचे कितीतरी चौकोन ह्यानेच गेले. आता मी तिथे मार्करच (टाक्यात अडकवायची खुणेची पिन) लावते, तूही लाव.

पायाची साखळी एक नंबर मोठ्या सुईने घाल, नाहीतर खालची बाजू आवळते. ओळी मोजून चौकोन होत नाही, तिरकी घडी घालून बघ, कोपरे जुळले की थांब. मग चारी बाजूंनी मुका खांब, कोपऱ्यात 3. आणि ॲक्रिलिक लोकरीवर इस्त्री अजिबात नको, शिंपल्यांचा उठाव कायमचा दबून जातो.