यादी अर्धी कर

प्रिय बाय,

तुझी यादी मिळाली. चोर्ला घाट, तांबडी सुर्ला, मोले, दूधसागर, नेत्रावळी, खोतीगाव. चार दिवस, एक गाडी आणि तू एकटी. वाचून हसू आलं, मग माझी पंचविशी आठवली. गोव्याचं सदाहरित रान म्हणजे पूर्वेकडची सह्याद्रीची पट्टी. नकाशावर ती बोटभर दिसते, म्हणून उरकता येईल असं वाटतं. गाडी हाताशी असली की माणूस उतरतच नाही, पुढचं वळण बघत राहतो. यातली एक जागा ठेव, दुसरी मी सांगतो. बाकीच्या पुढच्या वर्षी.

गणेश चवथीनंतर येतेस हे बरं केलंस. पावसाचा जोर उतरलेला असतो, ओहोळ मात्र भरलेले. दूधसागर या खेपेला सोड. ३१० मीटरचा धबधबा आहे, कोण नाही म्हणतं! पण कुळ्याला जीपच्या रांगेतच तुझी सकाळ जाईल.

त्यापेक्षा इकडे सत्तरी तालुक्यात ये. ब्रह्मकरमळीजवळ बांबरला निरंकाराची राय आहे. देवराई ती. आधी गावात विचार, कुणी सोबत आलं तर उत्तम, आणि सांगतील तिथे चपला काढ. आत जमीन दलदलीची आणि तिच्यात रानटी जायफळाच्या कुळातली झाडं. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि परत चिखलात जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसंच उकिडवी बसलीत. तिथे अर्धा तास नुसती बस. येताना वाळकी काटकीसुद्धा उचलू नकोस, ती देवाची.

तुझ्या यादीतली ठेवायची जागा तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं काळ्या पाषाणाचं देऊळ, बाराव्या-तेराव्या शतकातलं. बहुतेक लोक फोटो काढून परततात. तू उजाडता उजाडता पोच. देवळाचं तोंड पूर्वेला आहे, उन्हाची वाट बघायला बरं. ओहोळाकडून कुणी शीळ घातली तर दचकू नकोस. तो शीळकरी कस्तुर पक्षी. अगदी रिकामटेकड्या पोरासारखा शीळ घालतो. आणि वरून सालपटं पडायला लागली तर मान वर कर, शेकरू खात बसलेलं असेल. तिथल्या धबधब्याकडची वाट उघडी आहे का, ते वनखात्याच्या माणसाला विचार. बंद म्हणाला तर बंद.

आता पाण्याचं. एकदा मी घोट्याएवढ्या पाण्यातून ओहोळ ओलांडून पलीकडे गेलो. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पाऊस पडला तो वर घाटात. तासाभराने परतलो तर पाणी मांडीपर्यंत. अंधार पडेपर्यंत पलीकडच्या दगडावर बसून होतो, आणि घरी जे ऐकलं ते पाण्यापेक्षा जोरात होतं. म्हणून सांगतो, पाणी गढूळ झालं, पाचोळा वाहत यायला लागला, की लगेच काठावर ये. ऊन बघून फसू नकोस.

जळवा लागणारच. मोजे पॅन्टवर ओढून घे, मिठाची पुरचुंडी खिशात ठेव. लागलीच तर खसकन ओढू नकोस, नखाने हळूच सरकव. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण ते गोठू नये असं काहीतरी ती सोडून जाते. घाबरायचं नाही. आधाराला फांदी धरण्याआधी मात्र नीट बघ. चापडा हा विषारी साप हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळाही असतो, आणि दिवसा फांदीला फांदीसारखाच पडून राहतो. कधी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात आलीस तर गोचिडांपासून जप, माकडताप त्यांच्यामुळेच होतो. २०१५ पासून सत्तरीने माकडताप बघितलाय. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं.

पेट्रोल वाळपईतच भर. पुढे रेंज जाते, तेव्हा फोनच्या नकाशावर विसंबू नकोस. रानात शिरण्याआधी शेवटच्या दुकानात चहा घे आणि दुकानदाराला सांग, अमुक वाटेने जाते, पाचच्या आत परत येते. परतल्यावर दुसरा चहाही तिथेच घे, म्हणजे त्याचाही जीव भांड्यात पडेल.

तुझा,
वाळपईचा काका