बोलणं तुटतंय, आणि घरचे पौर्णिमा-अमावस्या मोजतायत

घरच्या माणसाचं बोलणं विस्कटलंय, काय करू, असे मेसेज येतायत. मेसेज वेगळे, पण गोंधळ तोच, म्हणून एकदाच लिहितोय.

मुलगी मराठी बोलता बोलता कन्नडात जाते, मधेच हिंदी. विचारांचा गोंधळ म्हणायचा काय? (टिळकवाडी)
नाही. ते बेळगाव आहे, तिथे तिन्ही भाषा मिसळूनच बोलतात.

सासूबाई ७२ वर्षांच्या, परवापासून भलतंच बरळतात, रात्री जास्त. वेड लागलं का? (खानापूर)
अचानक झालंय म्हणजे आधी शरीर बघा. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम, शुगर, काहीही असेल. आजच दवाखान्यात न्या. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर क्षणभर थांबू नका, लकव्यात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचारच तास असतात.

भाऊ चार रात्री झोपला नाही, इतकं भराभर बोलतो की मधे शब्द घालता येत नाही. म्हणतो आता चार दुकानं काढणार. (निपाणी)
हा उत्साह नव्हे, मॅनिया असू शकतो, म्हणजे मन आजारामुळे अति चढलेलं. चेकबुक लपवा आणि भावाला याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

मुलगा २२ वर्षांचा. आठ महिने झाले, बोलता बोलता मधेच थांबतो, विचारलं एक की सांगतो दुसरंच. शेजारी करणी म्हणतात, मामा म्हणतो लग्न लावा. एकाने तीन हजारांची पावडर दिलीय. (हुक्केरी)
आठ महिने! माझं डोकं इथेच फिरतं. 'जेवलास काय?' विचारलं की 'बस निपाणीला थांबली, लोखंड तापतं, म्हणून मामा येईना' असं उत्तर आलं, तर ते मुद्दाम केलेलं नसतं, विचारांचे धागेच सुटलेले असतात, आणि मधेच गप्प होतो तेव्हा त्याचा विचारच तुटतो. स्किझोफ्रेनियात, म्हणजे विचार विस्कटणाऱ्या, भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारात, असं दिसतं, मॅनियात आणि नशेतही दिसतं, म्हणून मी इथून नाव देणार नाही, तपासूनच कळेल. पण उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं कठीण, हे मी ओरडून सांगतो. लग्न म्हणजे औषध नव्हे हो, दुसऱ्याच्या पोरीचं काय! आणि ज्या पावडरीच्या पुडीवर नावच नाही ती बंद करा, पण पुडी डॉक्टरांना दाखवायला ठेवा. देवाला जायचं तर जावा की, पण आधी धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलला, नाहीतर जिल्हा हॉस्पिटलला न्या. १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे. तो मरायचं बोलला किंवा मारायला धावला तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीला.

या आजारांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात काय? (चिकोडी)
सगळ्यांना नाही. पण बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.