आधी पाऊल बघ

प्रिय मुली,

तुझी नोट काल रात्री दोनदा वाचली. पहिली चार पानं वाचून वाटतं, तुमच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या त्या चाळिशीच्या किकरला, म्हणजे चेंडू पायाने मारायलाच ठेवलेल्या माणसाला, ठेवायलाच हवं. पुढची चार वाचून वाटतं, आजच काढायला हवं. आणि शेवटी तू मला विचारतेस, "काका, आकडे एक सांगतात आणि मन दुसरंच. तुम्ही काय केलं असतं?"

हे वाक्य मला आवडलं नाही. आकडे आणि मन यांचं भांडण तू उगाच लावलंयस. तुझे आकडे चेंडू कुठे गेला ते सांगतात, आणि तुझं मन त्या किकरच्या जुन्या आठवणींत अडकलंय. किक कोणीच बघितलेली नाही. आठ पानांत एकदाही तू लिहिलं नाहीस की मारण्याआधी त्याचं डावं पाऊल चेंडूशेजारी कुठे पडतं. आधी पाऊल बघ. टक्केवारी मग.

टक्केवारीचंच म्हणशील तर तीही जरा उघडून बघ. किकरला अख्ख्या मोसमात फील्ड गोलच्या, म्हणजे गोलपोस्टच्या दोन खांबांमधून चेंडू मारायच्या, तीसेक संधी मिळतात. तीसपैकी २७ मारले की तो ९० टक्क्यांचा हुकमी माणूस, २४ मारले की ८० टक्क्यांचा, काढून टाकण्यालायक. फरक तीन किकचा. त्या तीनपैकी एक वाऱ्याने गेली असेल, एक स्नॅप, म्हणजे मागे फेकलेला चेंडू, उंच आल्यामुळे. तू स्टॅटिस्टिक्स शिकलेली मुलगी, तीन किकवर माणसाचं वय ठरवायला निघालीस याचं मला वाईट वाटलं. रागही आला.

मी अटलांटाला १९९१ साली आलो. हा खेळ मला कळायला चार-पाच वर्षं लागली, पण किकर पहिल्या दिवसापासून कळला. सगळे आपटाआपटी करून दमले की एक माणूस स्वच्छ कपड्यात आत येतो आणि त्याच्या एका फटक्यावर सगळ्यांचा दिवस ठरतो. १७ जानेवारी १९९९ ची मॅच मी घरी टीव्हीवर बघितली. मिनेसोटाचा गॅरी अँडरसन तेव्हा ३९ वर्षांचा होता. साखळी सामन्यांत त्याने ३५ पैकी ३५ फील्ड गोल मारले होते. संपूर्ण मोसमात एकही न हुकवणारा एनएफएल या लीगच्या इतिहासातला तो पहिला किकर. त्या दिवशी, दोनेक मिनिटं उरलेली असताना, ३८ यार्डांवरून त्याची किक डावीकडून बाहेर गेली. पुढे बरोबरी झाली आणि जादा वेळेत आमच्या अटलांटाच्या संघाच्या, फाल्कन्सच्या, मॉर्टन अँडरसनने ३८ यार्डांवरूनच मारून सामना काढला. त्याचं वयही ३८च.

आमच्या बिल्डिंगमध्ये आरडाओरडा चालला होता आणि मी गॅरी अँडरसनकडे बघत होतो. त्या एका किकवरून कोणी म्हटलं असतं, म्हातारा झाला, संपला. पण तो संपला नव्हता. जानेवारी २००४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, टेनेसीकडून खेळताना त्याने बाल्टिमोरमध्ये ४६ यार्डांवरून प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना जिंकून दिला. आणि मॉर्टन अँडरसन? २००५ चा मोसम तो घरी बसला होता. २००६ मध्ये फाल्कन्सने त्याला परत बोलावलं आणि २००७ मध्ये, ४७ व्या वर्षी, त्याने २८ पैकी २५ मारले. किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना मारायचा लांब फटका, मात्र पंटर हा दुसरा खेळाडू मारत होता, कारण लांबी गेली होती. लांबी आधी जाते, नेम पुष्कळ नंतर जातो. तुझ्या नोटमध्ये या दोन गोष्टी एकाच रकान्यात 'वयानुसार घट' म्हणून टाकल्यास. वेगळ्या कर. किकऑफ दुसऱ्या कोणाला देता आला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही.

१९८६ साली मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्रा दाबून सुटे भाग बनवतात, सुपरवायझर होतो. तिथे डाय, म्हणजे साचा, बसवणारे एक सेटर होते, आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचो. पंचावन्न-छप्पन्नचे असतील. डाय बसवली की पत्र्यावर अंगठा फिरवून सांगायचे, बर (कडेला राहिलेली धारदार कोर) येतेय, उतरवा. मग सलग तीन आठवडे त्यांच्या प्रेसवर रिजेक्शन वाढलं. मी तुझ्यासारखाच, तक्ते काढणारा. तीन आठवड्यांचा आलेख काढला, खाली 'नजर कमी झाली असावी' असं लिहिलं आणि सही केली. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. जागी पंचविशीचा मुलगा आला, आणि रिजेक्शन तेवढंच राहिलं. दोन महिन्यांनी प्रेस खोलली तेव्हा कळलं की डायचे दोन भाग जुळवून धरणाऱ्या गाईड पिलरचे बुश झिजले होते. डायच दर फटक्याला थोडी सरकत होती. मिस्त्री तीन आठवडे सरकणाऱ्या डायला हाताने सांभाळून घेत होते, म्हणून रिजेक्शन तेवढ्यावरच थांबलं होतं.

मी त्यांना परत बोलवायला गेलो नाही. वरून दबाव होता, मला २७ वं वर्ष होतं, नोकरी नवी होती, आणि कागदावर माझा आलेख चुकीचा नव्हताच. हे सगळं खरं आहे आणि आजही मी ते म्हणेन. पण प्रेसखाली वाकून बघायला दहा मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. तेव्हापासून मी हट्टी झालोय, तुला छळतोय तो त्यामुळेच.

किकचंही तसंच आहे ना? किक एका माणसाची नसतेच. लाँग स्नॅपर चेंडू मागे फेकतो, होल्डर तो टेकवतो, शिवण फिरवतो, मग किकर येतो, आणि हे सगळं १.३ सेकंदांच्या आसपास उरकावं लागतं. तुमच्याकडे या वर्षी होल्डर बदलला, असं तूच तिसऱ्या पानाच्या तळाला एका ओळीत लिहिलंयस. एका ओळीत! मी तुझ्या जागी असतो तर नोटची सुरुवातच तिथून केली असती. नवीन होल्डर चेंडू किती कलता धरतो? शिवण समोर येते की किकरच्या पायाकडे? हुकलेल्या प्रत्येक किकचा व्हिडिओ थांबवून बघ. बुश कुठे झिजलेत ते बघ.

तू म्हणशील, काका म्हाताऱ्यांची बाजू घेतात. तसं नाही. फाल्कन्सचा किकर मॅट ब्रायंटचं उदाहरण घे. २०१८ मध्ये त्याने २१ पैकी २० मारले होते आणि तरी २०१९ च्या फेब्रुवारीत फाल्कन्सने त्याला सोडलं. ऑगस्टअखेर, दुसऱ्यांचं जमेना म्हणून, पुन्हा बोलावलं. तो ४४ वर्षांचा होता आणि सगळं सराव शिबिर घरी घालवून आलेला. ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनात शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरीचा एक्स्ट्रा पॉइंट, म्हणजे टचडाऊननंतरची एका गुणाची किक, हुकला आणि आम्ही ३४-३३ ने हरलो. त्या रविवारी मीसुद्धा टीव्हीसमोर "काढा त्याला" म्हणून ओरडलो, मिस्त्रींना स्टोअरमध्ये पाठवणारा मीच. महिनाअखेर त्याला काढलं तेव्हा त्याचा हिशेब होता १४ पैकी ९. काढणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या जागी कोण आलं बघ. यंगहो कू. २०१७ मध्ये चार्जर्स या संघाने त्याला चार सामन्यांत घरी पाठवलं होतं, सहापैकी तीन मारले म्हणून. २०२० मध्ये अटलांटात त्याच पोराने ३९ पैकी ३७ मारले. म्हणजे मूठभर किकवर आपण म्हाताऱ्याला जसं काढतो तसं पोरालाही काढतो. वय हे फक्त हाताशी असलेलं सोपं कारण.

आणि किकर ॲडम विनातिएरी. ज्याला सगळे 'फार काळ ठेवला' म्हणतात तो. न्यू इंग्लंडने २००६ मध्ये त्याला जाऊ दिलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. इंडियानापोलिसकडे गेला आणि आणखी १४ मोसम खेळला, लीगमध्ये सर्वाधिक, २,६७३ गुण करून थांबला. पण शेवटचा, २०१९ चा मोसम वाईट गेला. २५ पैकी १७, वर सहा एक्स्ट्रा पॉइंट हुकले. सगळे म्हणाले ४६ वर्षांचा पाय, दुसरं काय होणार? दुखत होता डावा गुडघा. मारणारा पाय उजवा. डावा म्हणजे टेकवायचा, ज्याच्यावर सगळं शरीर तोलायचं तो. डिसेंबरमध्ये त्याच गुडघ्यापायी त्याचा मोसम संपला. तुला अजून कळत नसेल की मी पाऊल पाऊल का करतोय, तर हा परिच्छेद पुन्हा वाच.

तिथे तो दुखरा गुडघा आधीच ओळखून दुसरा किकर आणायला हवा होता, असं मला वाटतं. बघ, म्हणजे काढावंही लागतं. तुझ्या माणसाचं पाऊल दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल, होल्डर नीट असेल, आणि विश्रांती देऊनही फरक पडत नसेल, तर 'बदला' असं लिही, आणि हात थरथरू देऊ नकोस. चाळीस वर्षांच्या माणसाला खरं कारण ऐकण्याचा हक्क असतो. 'वय झालं' हे ऐकण्यापेक्षा 'तुमचं डावं पाऊल चार इंच मागे पडतंय' हे तो हजार पटीने नीट ऐकेल. कदाचित तोच सांगेल, गुडघा दुखतोय, मी लपवलं.

मंगळवारी तीन नवीन पोरांना ट्रायआउटला बोलावलंय असं लिहिलंस. त्याआधी सोमवारी तुमचा माणूस एकटा सराव करत असेल. गोलपोस्टच्या मागे उभी राहू नकोस, तिथे सगळेच उभे राहतात. बाजूला, होल्डरच्या रेषेत उभी राहा. प्रत्येक किकनंतर गवतावर डाव्या बुटाची खूण असेल. खडू घेऊन जा, प्रत्येक खुणेभोवती गोल काढ, वीस किकपर्यंत. त्याची परवानगी माग आणि त्याला सांग की कशासाठी करतेयस. मग फोटो काढून मला पाठव. किती वाजता पाठवलास तरी चालेल, हल्ली मी रात्री जागाच असतो.

तुझा,
काका