कोविडच्या महासाथीच्या काळात नाताळच्या सुट्टीत कॅथलिक शाळेने मुलं, पालक आणि शिक्षक यांची काळजी कशी घ्यावी?

कॅथलिक शाळेला सुट्टी लागली तरी तिची माणसं एकमेकांना भेटतच राहतात. शाळेतली बरीच कुटुंबं त्याच चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला, जातात. त्यामुळे मला वर्गांपेक्षा त्या गर्दीची काळजी जास्त वाटते. एका मोठ्या मिस्सेऐवजी लहान मिस्सा जास्त ठेवाव्यात. व्हॅटिकननेही डिसेंबर 2020 मध्ये बिशपांना मुभा दिली होती, की नाताळच्या दिवशी एका धर्मगुरूला चार मिस्सांपर्यंत परवानगी द्यावी.

कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, उघड्यावरच गा. बंद हॉलमध्ये एकत्र मोठ्याने गाताना तोंडावाटे सूक्ष्म थेंब हवेत पसरतात, आणि मुलांच्या गायनवृंदाबरोबर तिथे आजी-आजोबा, वयस्कर सिस्टर आणि फादरही बसलेले असतात. त्यांच्यासाठी तरी एक वर्ष एवढं कराच.

शाळा उघडताना आदल्या दिवशीच्या एका निगेटिव्ह चाचणीवर विसंबू नका. कोविडची लक्षणं दिसायला 14 दिवसांपर्यंत लागू शकतात. खिडक्या उघड्या, मास्क, हात धुणं हे सुरू राहू द्या. पूर्ण हजेरीचं बक्षीस मात्र यंदा बंदच करा, त्यापायी मुलं ताप असतानाही शाळेत येतात. कोण आजारी आहे ते मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर सांगू नये, नाहीतर पुढच्या वेळी पालक आजार लपवतील.